काढणे : एका जुन्या कॅमेऱ्याच्या निमित्ताने

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही एक वापरलेला कॅमेरा विकत घेतला. ‘आम्ही’ म्हणजे आम्ही दोघे. दोघेही मराठी घेऊन एम. ए. झालेलो, दोघेही भंडारा जिल्ह्यातल्या दोन वेगवेगळ्या महाविद्यालयांत मराठीच शिकवतो, आणि दोघांनीही चाळिशी केव्हाच ओलांडलेली. यंत्रांशी आमचे नाते आजवर दुरूनच नमस्कार करण्याचे होते. त्यामुळे नागपूरला सीताबर्डीवरच्या एका दुकानातून हा काळा, हातात जड लागणारा, कडांवर रंग उडालेला ठोकळा आम्ही घरी आणला, तेव्हा शेजाऱ्यांपासून विद्यार्थ्यांपर्यंत सर्वांनी एकच प्रश्न विचारला, “मोबाईल असताना हे कशाला?” काही विद्यार्थी मात्र खूश झाले. त्यांच्या पिढीत जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांची सध्या चलती आहे, हे आम्हाला त्यांच्याकडूनच कळले. आपल्या जन्माच्या आसपास निघालेल्या यंत्रातले रंग त्यांना आजच्या फोनमधल्या रंगांहून खरे वाटतात. आमचे कारण वेगळे होते. ते पुढे येईलच.

कॅमेरा कॅनन पॉवरशॉट जी११. २००९ साली बाजारात आलेला. खिशात मावतो म्हणावे तर खिसा फाटेल, आणि व्यावसायिक छायाचित्रकाराच्या गळ्यात शोभेल म्हणावे तर भिंग बदलता येत नाही, अशा मधल्या जातीतला. पूर्वी कथा आणि कादंबरी यांच्या मधोमध दीर्घकथा नावाचा प्रकार दिवाळी अंकांत असे, त्याची आठवण व्हावी असा. याच्या आधीचा जी१० हा कॅमेरा २००८ साली आला, तेव्हा त्यात १४.७ मेगापिक्सेल होते. जी११ मध्ये ते वाढले नाहीत, उलट १० वर आणले गेले. मेगापिक्सेलचा आकडा हीच मोठेपणाची खूण मानली जात होती त्या दिवसांतली ही गोष्ट. कारण साधे होते. नखाएवढ्या सेन्सरवर जितके जास्त बिंदू कोंबावेत, तितका प्रत्येक बिंदूच्या वाट्याला येणारा प्रकाश कमी. आणि प्रकाश कमी पडला की चित्रात दाणे उठतात, सावल्यांत रंगीत धूळ बसल्यासारखी दिसते. म्हणून बिंदू कमी करून प्रत्येकाला थोडी जास्त जागा दिली गेली. विशेषणे कापली की नाम उजळते, हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. तेच तत्त्व एका यंत्राच्या रचनेत भेटले, याचा आनंद झाला.

जुन्या पुस्तकांच्या खरेदीची सवय असणाऱ्यांना वापरलेल्या वस्तूचे एक सुख ठाऊक असते. पहिल्या पानावर कुणाची तरी सही, कुठे पेन्सिलीची रेघ, कुठे वाळलेले पान. आमच्या कॅमेऱ्यात आधीच्या मालकाचे एकही छायाचित्र नव्हते. दुकानदाराने कार्डही दिले नव्हते. आमच्याजवळचे ६४ जीबीचे कार्ड त्याने स्वीकारले नाही. ती जात त्याच्यानंतरची. मग कपाटातून ८ जीबीचे एक जुने, रिकामे कार्ड शोधून काढले. त्यावर पहिले छायाचित्र काढले, आमच्याच अंगणातल्या तुळशीचे. त्याचा क्रमांक निघाला ४३१७. कार्ड रिकामे असले तरी कॅमेऱ्याने आपली मोजणी सोडलेली नव्हती. जिथे त्या अनोळखी माणसाने थांबवली तिथून पुढे आमची सुरू झाली. ९९९९ नंतर ही मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते, तेव्हा असे किती फेरे आधीच होऊन गेले असतील, तेही कळायला मार्ग नाही. आपण मधल्याच कुठल्या तरी पानावरून वाचायला सुरुवात केली आहे, ही जाणीव आम्हाला परकी वाटली नाही. मराठी शिकवणारा माणूस आयुष्यभर दुसरे काय करतो?

पहिले दोन महिने आम्ही बहुतेक वाईट छायाचित्रे काढली. त्यातला एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. आमच्या जिल्ह्याला तळ्यांचा जिल्हा म्हणतात. गावोगावी मालगुजारांच्या काळातले तलाव आहेत, ज्यांना आता थोडक्यात ‘मामा तलाव’ म्हणतात. अशाच एका तलावाच्या काठी सकाळी म्हैस बसलेली होती आणि तिच्या पाठीवर बगळा. काळ्यावर पांढरा. आम्ही आधी जवळ जाऊन नुसती म्हैस टिपली, मग भिंग लांबवून नुसता बगळा. घरी येऊन पाहतो तो म्हैस राखाडी आणि बगळाही राखाडी! यंत्र बिघडले असे वाटले. ते बिघडलेले नव्हते. प्रकाश मोजणारे यंत्र असे गृहीत धरते की समोरचे जग सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे. समोर बगळा आला की त्याला वाटते उजेड फार झाला, ते अंधारवते. म्हैस आली की वाटते उजेड कमी पडला, ते उजळवते. दोघांनाही ओढून मध्यावर आणते. यावर उपाय म्हणून या कॅमेऱ्याच्या माथ्यावर डाव्या हाताला एक चकती दिली आहे. पांढऱ्यासाठी ती अधिककडे फिरवायची, काळ्यासाठी उणेकडे. म्हणजे समोर बगळा आहे की म्हैस, हे यंत्राला माणसाने सांगायचे. आजचे फोन हे आपल्या वतीने परस्पर ठरवून टाकतात, म्हणून ही चूक आम्हाला आजवर कधी घडलीच नव्हती, आणि म्हणून कळलीही नव्हती.

त्या दिवशी आम्ही दोघांनी प्राध्यापकी स्वभावानुसार त्यावर बराच काथ्याकूट केला. एकच मोजपट्टी घेऊन बसलेला समीक्षक असेच करतो. तो संतकवितेलाही करडी करतो आणि दलित आत्मकथनालाही. मोजपट्टी खोटी नसते. समोर काय आहे हे तिला सांगणारे कुणी नसते, इतकेच. उत्तरपत्रिका तपासताना आपण किती बगळे आणि किती म्हशी राखाडी केल्या असतील, हा विचार मात्र आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

हळूहळू हाताला सवय झाली. आयएसओची चकती ८० पासून ३२०० पर्यंत फिरते, पण ४०० च्या पुढे गेले की दाणे दिसू लागतात, म्हणून संध्याकाळी भिंतीला टेकून, श्वास रोखून काढावे लागते. काढलेले सारे तपशील राखून ठेवणाऱ्या पद्धतीत साठवले तर एका चित्रानंतर दुसऱ्यासाठी जरासे थांबावे लागते. या थांबण्याचा आधी राग यायचा. पुढे असे लक्षात आले की त्या दोन-तीन क्षणांत आपण समोर पाहू लागलो आहोत, पडद्यावर नाही.

आणखी एका गोष्टीशी ओळख व्हायला आंभोऱ्याला जावे लागले. मराठीच्या वाचकाला आंभोरा सांगायला नको. वैनगंगेच्या काठचे, भंडारा आणि नागपूर या जिल्ह्यांच्या सीमेवरचे हे ठिकाण. मुकुंदराजांनी शके १११० मध्ये ‘विवेकसिंधु’ रचला असे परंपरा मानते, आणि ती अंबानगरी म्हणजे हेच आंभोरा, असे विदर्भात सांगितले जाते. मराठवाड्यात अंबाजोगाई सांगितली जाते. टेकडीवर मंदिर आहे, खाली नद्यांचा संगम, आणि २०२४ साली खुला झालेला दोरखंडांवर तोललेला उंच पूल. उन्हात पडद्यावर काही दिसेना, म्हणून आम्ही पहिल्यांदाच कॅमेऱ्याच्या वरच्या बाजूला असलेल्या लहानशा खिडकीला डोळा लावला. ही खिडकी भिंगातून पाहत नाही, भिंगाच्या शेजारून पाहते. आणि ती पुरते दाखवत नाही. चित्रात जे येणार असते त्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भागच तिच्यातून दिसतो. आम्हाला हे ठाऊक नव्हते. घरी येऊन पाहिले तर प्रत्येक चित्रात न बोलावलेले पाहुणे. नावेच्या छायाचित्रात वल्ह्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात, मंदिराच्या छायाचित्रात पायरीवर बसून डबा खाणारी मुलगी. आम्ही चौकट आखली होती. कॅमेऱ्याने चौकटीबाहेरचेही घेतले होते.

त्या दिवशीची साठ-सत्तर चित्रे आम्ही पुन्हा पुन्हा पाहिली. सुंदर होती. पण त्यांतले एकही अंबानगरीचा वाद सोडवू शकत नव्हते. मुकुंदराज इथे होते असे पाणी सांगत नाही, नव्हते असेही सांगत नाही. संगमाचे ते विस्तीर्ण, शांत पाणी आता गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्याचेही आहे. त्याच्या तळाशी काय आहे हेही ते सांगत नाही. आणि इथेच आमच्या खरेदीच्या खऱ्या कारणापाशी आम्ही येतो.

गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. पवनी तालुक्यात वैनगंगेवर बांधलेल्या या धरणाचे पाणी टप्प्याटप्प्याने चढत गेले आणि काठची कितीतरी गावे उठली. त्यांपैकी एक गाव आमच्यापैकी एकीचे माहेर. २०११ च्या उन्हाळ्यात घर सोडले. कौले, दारे, खिडक्या, आढ्याचे सागवान काढून नेले. भिंती मातीच्या होत्या, त्या तिथेच राहिल्या. आई आता पुनर्वसनाच्या वसाहतीत, सिमेंटच्या दोन खोल्यांत राहते. त्या घराचे एकही छायाचित्र आमच्याकडे नाही. निघताना मोबाईलवर काही काढली होती. तो मोबाईल पुढे बंद पडला आणि त्यातले काही वाचले नाही. लग्नाचा अल्बम आहे, पण त्यात घर नाही, मांडवाचे गुलाबी कापड आहे. घर त्या कापडाच्या मागे आहे. रोलाँ बार्थच्या १९८० च्या पुस्तकात आईच्या लहानपणीच्या एका छायाचित्राविषयी पानेच्या पाने आहेत, आणि ते छायाचित्र मात्र त्याने पुस्तकात छापलेले नाही. वर्गात हे सांगताना आम्हाला नेहमी वाटत आले, की आमच्याजवळ तर न छापण्यापुरतेही छायाचित्र नाही.

मराठीत आपण फोटो ‘काढतो’. या क्रियापदाचा आम्ही या वर्षात पुष्कळ विचार केला. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली, हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे लोक त्याच दशकात हे तंत्र शिकले, आणि या नव्या वस्तूला मराठीत नावे मिळत गेली. ग्रीक शब्द म्हणतो प्रकाशाचे लेखन. आपण म्हटले छायाचित्र. त्यांनी उजेड पाहिला, आपण सावली. पण बोलताना कुणीच ‘छायाचित्रण करतो’ म्हणत नाही. आपण टिपतो, पाखराने दाणा टिपावा किंवा पदराने डोळा टिपावा तसे; आणि आपण काढतो. रांगोळी काढतो, विहिरीतून पाणी काढतो, गाईचे दूध काढतो, पायातला काटा काढतो, कर्ज काढतो, वाईट दिवस काढतो, कुणाची आठवण काढतो. यातली निम्मी कामे नसलेले निर्माण करण्याची आहेत आणि निम्मी आत असलेले बाहेर आणण्याची. रांगोळी आधी नसते. पाणी आधीच असते. फोटो या दोहोंपैकी कशात मोडतो, हे मराठी भाषेने ठरवून ठेवलेले नाही. आम्हालाही ठरवता आले नाही.

मे महिन्यात आम्ही आईकडे गेलो. कॅमेरा पाहून तिने नेहमीप्रमाणे तोंड फिरवले. फोटोला ती भिते असे नाही. तिचे म्हणणे असे की फोटो कागदांसाठी असतात आणि कागद झाले सगळे. या कॅमेऱ्याचा पडदा बिजागरीवर फिरतो आणि पुढे वळवता येतो. आम्ही तो वळवून तिच्यासमोर धरला. त्यात स्वतःला पाहून तिने आधी पदर सारखा केला, मग एकदम म्हणाली, “डोरे लईच खोल गेले माये.” आमच्या झाडीबोलीत ‘ळ’ नाही, ‘ण’ नाही. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीच्या अभ्यासाला आयुष्य दिले आणि आम्ही तो अभ्यास शिकवतोही. पण आईच्या तोंडचे ‘डोरे’ ऐकताना अभ्यास आठवत नाही. मग तीच म्हणाली, “चला, पानी उतरलं असंल. घर दाखवतो.”

उन्हाळ्यात फुगवट्याचे पाणी मागे सरते. काठावर भेगाळलेला गाळ, पुढे पाण्यात उभी वाळलेली झाडे. आम्हाला सगळीकडे सारखेच दिसत होते. आई मात्र एका वाळक्या झाडाकडे पाहत, दुसऱ्याकडे पाहत, सरळ चालत गेली आणि एका जागी थांबली. तिथून पुढे पाणीच होते. “हा आंबा,” ती म्हणाली, “अना हे चिच. मंग इतं सपरी. तिकडं ढोरांचा कोठा. इतं धानाची ढोली.” ती बोटाने पाण्यावर रेघा ओढत होती. आमच्यापैकी जिचे ते माहेर, तिलाही त्या रेघांतून घर उभे करता आले नाही. दुसऱ्याने कॅमेरा डोळ्याला लावला होता. भर उन्हात पडद्याचा उपयोग नव्हता, म्हणून खिडकीतूनच पाहिले. खिडकीत आई होती, पाठमोरी, तिचा पुढे केलेला हात, आणि पाणी. चकती थोडी अधिककडे फिरवली, कारण पाणी चमकत होते आणि ते करडे होऊन चालणार नव्हते. एकच छायाचित्र निघाले. तेवढ्यात ती वळली. “कायले पानीचा फोटू काढता?” म्हणाली आणि परत फिरली.

रात्री संगणकावर ते चित्र उघडले. क्रमांक ५०८२. पाणी पांढरे आले होते, झाडे काळी, आई मधोमध. वाईट नव्हते, पण आंभोऱ्याच्या पाण्यासारखेच हेही पाणी होते. खाली नाव लिहिले नाही तर कुठल्याही तलावाकाठी उभी राहिलेली कुणीही बाई. आमचा हिरमोड झाला. मग चित्राच्या खालच्या कोपऱ्याकडे लक्ष गेले. खिडकीतून न दिसलेला तो भाग. तिथे, आईच्या चार पावले मागे, गाळावर तिच्या चपला होत्या. शेजारी शेजारी, नीट जोडून काढून ठेवलेल्या. आईने त्या केव्हा काढल्या, हे आम्हा दोघांपैकी कुणीही पाहिले नव्हते. चित्रात तिचे पाय अनवाणी होते. भेगाळलेला गाळ मेच्या उन्हात किती तापतो, हे आम्ही चपला घालूनही अनुभवले होते. सपरी इथे, असे ती म्हणाली होती. चपला सपरीच्या अलीकडे होत्या.

आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. चित्रात काही सुधारावे असेही वाटले नाही.

पुढच्या आठवड्यात भंडाऱ्यातल्या एका स्टुडिओत त्याची प्रत काढायला दिली. तिथल्या मुलाने पडद्यावर चित्र पाहून आपुलकीने विचारले, “सर, खाली चपला आल्यात. कापून देऊ का? फ्रेम स्वच्छ होईल.” आम्ही नको म्हणालो. त्याला ते पटले नसावे, पण त्याने प्रत चांगली काढून दिली.

ती आम्ही आईला नेऊन दिली. तिने चष्मा लावला, दाराशी उजेडात जाऊन पाहिली. पाण्यावर बोट ठेवले, झाडांवर ठेवले, मग खाली चपलांवर ठेवले आणि तिथेच ठेवून राहिली. “निघाली बरी,” म्हणाली. काय निघाले, हे आम्ही विचारले नाही. मग तिने कपाटातून पुनर्वसनाच्या कागदांची प्लॅस्टिकची पिशवी काढली. तिच्यात जुना सातबारा, मोबदल्याची पत्रे आणि घराच्या मोजणीचा कागद आहे. मोजणीच्या कागदाला लागून तिने ते छायाचित्र ठेवले आणि पिशवीचे तोंड पुन्हा बांधले.